हात आधी पोचतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही चौकात सकाळी एखाद्या पानठेल्यापुढे दहा मिनिटं उभं राहावं. नेहमीचं गिऱ्हाईक गाडी स्टँडला लावेपर्यंत ठेलेवाल्याने पन्नी पसरलेली असते. तिच्यावर सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू, बोटभर चुना. हाच खर्रा. मग पन्नीची गुंडाळी होते आणि तळहाताखाली ती घोटण्याचा तो ओळखीचा खसखस आवाज येतो. दोघांमध्ये एक शब्द होत नाही. झालाच तर पावसाविषयी. पैसे सरकतात, पुडी शर्टाच्या खिशात जाते. या माणसाला संध्याकाळी विचारा, आज पुडी किती वेळा सोडली? तो एक आकडा सांगेल, पण अंदाजाने. हात खिशाकडे गेला तेव्हा तो स्वतः दुसरीकडेच होता: बँकेच्या रांगेत, कापसाच्या भावात, पोरीच्या ॲडमिशनमध्ये.

मराठी भाषेला हे फार पूर्वी कळलेलं दिसतं. आपल्याकडे सवय लागते, व्यसन जडतं, चटक लागते, एखादी गोष्ट अंगवळणी पडते. या वाक्यांत कर्त्याच्या जागी माणूस नाहीच. ‘मला सवय लागली’ म्हणताना मी फक्त ती लागण्याची जागा असतो. मात्र सोडायची वेळ आली की व्याकरण बदलतं. ‘मी सोडली’, ‘त्याने सोडली नाही’. आता सगळा भार माणसावर, त्याच्या निग्रहावर. लागताना जी गोष्ट आपसूक लागली, ती सुटताना मात्र मनगटाच्या जोरावर सुटावी अशी आपली अपेक्षा असते. मेंदूचं शास्त्र गेल्या काही दशकांत जे सांगू लागलं आहे, ते पहिल्या व्याकरणाच्या बाजूचं आहे.

अमेरिकेतल्या एमआयटीत ॲन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केले. इंग्रजी टी अक्षरासारखी एक वाट, एका टोकाला चॉकलेट. नवखा उंदीर हुंगत, थांबत, चुकत पुढे जायचा आणि मेंदूच्या तळाकडच्या एका भागातल्या पेशी वाटभर काम करत असलेल्या दिसायच्या. तीच वाट शेकडो वेळा झाल्यावर चित्र बदललं. पेशी सुरुवातीला एकदा जोरात चमकत, शेवटी एकदा, आणि मधल्या वाटेत बऱ्याच शांत. अख्खी वाट एका गाठोड्यात बांधली गेली होती. सुरुवातीची खूण दिसली की गाठोडं सुटायचं आणि चॉकलेटपाशीच थांबायचं. आपण चपलेत पाय घालतो, कुलूप लावतो, गाडीला किक मारतो, ते असंच. मेंदूची ही काटकसर आहे, आणि ती वाईट नाही. रोज सकाळी दात कसे घासावेत याचा विचार करावा लागला असता तर माणसाला दुसरं काही सुचलं नसतं.

पण गाठोडं एकदा बांधलं गेलं की त्यातल्या मालाची चव कोणी तपासत नाही. हे दाखवणारा एक मजेदार प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. डेव्हिड नील, वेंडी वूड आणि इतरांनी चित्रपटगृहात आलेल्या लोकांना पॉपकॉर्न वाटले. काहींना ताजे, काहींना आठवडाभराचे शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची सवय नव्हती त्यांनी शिळे बाजूला सारले. सवयीच्या लोकांनी मात्र शिळेही जवळपास ताज्याइतकेच खाल्ले, आणि वर ते बेचव असल्याचं सांगितलंही. त्याच प्रकारच्या लोकांना सभेच्या खोलीत बसवून खायला दिलं तेव्हा शिळ्याला कमी हात लागला. अंधार, पडदा, खुर्ची गेली आणि सवय ढिली पडली. पुढचा भाग मला जास्त आवडतो. चित्रपटगृहातच लोकांना नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला सांगितलं. एवढ्याने सवयीची माणसंही चव घेऊन खाऊ लागली, आणि शिळे पॉपकॉर्न उरले. उपदेश काही नव्हता, फक्त हात बदलला होता.

खर्ऱ्याची पुडी उजव्या हाताला सापडणार नाही अशा जागी, डबा असलेल्या पिशवीच्या तळाशी ठेवली तर खर्रा सुटेल असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक वेळी ‘मी आता खातोय’ हे तरी कळेल. मोजता येऊ लागेल, आणि मोजता आलेली गोष्ट कमी करता येते.

खर्ऱ्याच्या बाबतीत एक मोठा फरक मात्र सांगायलाच हवा. पॉपकॉर्न ही नुसती सवय आहे; खर्ऱ्यात निकोटीन आहे. चुन्याने तोंडातला आम्लपणा कमी होतो आणि तंबाखूतलं निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरतं. ज्याने कोणी पहिल्यांदा तंबाखूला चुना लावला त्याला रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण गुण ठाऊक होता. सुपारीही बिचारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवलं. तोंडाच्या आतली त्वचा हळूहळू कडक, पांढुरकी होत जाते, तिखट सोसेनासं होतं, तोंड उघडणं कमी होतं. आपली तीन बोटं एकावर एक उभी करून तोंडात जातात का, हे कोणालाही आरशापुढे बघता येतं. जात नसतील तर दाताच्या डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

निकोटीन आणि सवय हे दोघे जोडीने कसे काम करतात, हे वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून समजतं. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की मेंदूतल्या डोपामीनच्या पेशी उसळत. रसाच्या आधी दरवेळी एक दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी पेशी दिव्यालाच उसळू लागल्या. रस आला तेव्हा शांत. दिवा लागून रस आलाच नाही तर त्या नेहमीपेक्षाही खाली जात. म्हणजे उसळी बक्षिसाकडून खुणेकडे सरकली होती. पन्नी घोटल्याचा आवाज, चहाचा शेवटचा घोट, जेवणानंतरचा खाटेवरचा टेका, बसचं तिकीट काढून झाल्यावरची पाच मिनिटं: हे सगळे आपले दिवे. दिवा लागल्यावर खर्रा मिळाला नाही की जी तगमग होते, तिला लोक ‘मन कच्चं’ म्हणतात. मन इथे बरंच उशिरा येतं.

आता शेताकडे जाऊ, कारण यवतमाळने सवयीचा सगळ्यात महाग धडा शेतात गिरवला.

2017 च्या पावसाळ्यात, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चक्कर, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी घेऊन आलेल्या शेतकरी-शेतमजुरांची रांग लागली. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली, आणि जबाबदारीचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. विकणाऱ्यांची, परवाने देणाऱ्यांची, तपासणाऱ्यांची जबाबदारी आपल्या जागी आहेच. फवारणाऱ्याच्या सवयीवर बोट ठेवून त्यांना मोकळं सोडण्याचा माझा विचार नाही. पण सवयीचा भाग समजून घेण्यासारखा आहे.

आधी शब्दच बघा. शेतकरी त्याला कीटकनाशक म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतो. औषधाला कोण घाबरतं? टोपणाने मोजायचं, बादलीत ओतायचं, जवळ काडी नसली की हाताने ढवळायचं. दोन-तीन औषधं एकत्र केली की काम एका खेपेत होतं. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचं. अंगात जुना शर्ट, पाय उघडे, मध्ये पाणी पिताना हात पॅन्टीला पुसायचा. आणि हो, खर्ऱ्याची पुडीही त्याच हाताने सोडायची. अनेक शेतांत फवारणी पंपामागे ठरलेल्या पैशांवर होते; जेवढे पंप तेवढी मजुरी. अशा माणसाला वाऱ्याची दिशा बघून थांब म्हणणं म्हणजे मजुरी सोड म्हणणं.

ही सवय एका दिवसात लागलेली नव्हती. ‘काही होत नाही’ हे वाक्य प्रत्येक हंगामात नव्याने खरं ठरत गेलं म्हणून ती लागली. हाताने ढवळलं, काही झालं नाही. विनामास्क फवारलं, संध्याकाळी जरा डोकं दुखलं, सकाळी उतरलं. एखाद्या वर्तनाला शिक्षा होत नाही आणि थोडा वेळ वाचतो, एवढं त्याला मुळं धरायला पुरतं. शिवाय ती सवय ज्या परिस्थितीत तयार झाली तिथे ती तितकी जीवघेणी ठरत नव्हती. कपाशी कमरेएवढी, पंप हाताने मारायचा, तुषार जाड, तो खाली पडायचा. 2017 ला पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत, काही ठिकाणी त्याहून वर गेली होती. बॅटरीवरचे जोरकस पंप आले होते. त्यांचा फवारा बारीक धुक्यासारखा, हवेत रेंगाळणारा. बोंडअळी आणि रसशोषक किडींमुळे फवारण्या वाढल्या. दमट उकाड्याने घाम फुटलेला, आणि घामेजल्या त्वचेतून विष लवकर आत जातं. झाड बदललं, पंप बदलला, हवा बदलली, आणि हात मात्र कमरेएवढ्या कपाशीत शिकलेला होता. सवयीतला खरा धोका हाच. ती काल जिथे बरोबर होती त्या जागेची आठवण आज चालवत राहते, आणि जागा बदलल्याची वर्दी तिला कोणी देत नाही.

त्यानंतर संरक्षक किट वाटले गेले: मास्क, चष्मा, हातमोजे, ॲप्रन. जागृतीच्या सभा झाल्या, गाड्या फिरल्या. आणि तरी बऱ्याच घरांत किट खुंटीला लटकलेलं दिसतं. ‘लोकांना जिवाची पर्वा नाही’ असं यावर सहज म्हटलं जातं. ज्याने सप्टेंबरच्या उन्हात, चिखलात, पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप घेऊन प्लॅस्टिकचा ॲप्रन घातला नाही त्याने हे म्हणू नये. श्वास कोंडतो, चष्म्यावर वाफ धरते, पुढचं तास दिसत नाही. किट घालण्याची शिक्षा लगेच मिळते. न घालण्याची, मिळालीच तर, पुढे कधीतरी. कोणत्याही प्राण्याची सवय अशा हिशेबात कुठल्या बाजूला झुकेल हे सांगायला प्रयोगशाळा नको.

दुसरीही एक अडचण आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सवय आवृत्तीने लागते. रोज दहा वेळा होणारी गोष्ट लवकर अंगवळणी पडते. स्वतःच्या शेतावर फवारणी हंगामात मोजक्या वेळा होते. मोजक्या वेळांत मास्कची सवय लागणारच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून इथे सवयीवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, ती गोष्ट अवजारालाच बांधून टाकावी लागते. मास्क आणि हातमोजे खुंटीवर राहिले तर विसरले जातात. पंपाच्या पट्ट्यालाच अडकवून ठेवले तर ते काढल्याशिवाय पंप पाठीवर चढत नाही. ढवळायची काडी बादलीच्या कडीला दोरीने बांधून ठेवली तर हात आपोआप काडीकडे जातो. सकाळचा थंड वेळ ठरवला तर ॲप्रनमध्ये जीव कमी गुदमरतो. या गोष्टी भाषणात सांगायला फार किरकोळ वाटतात, म्हणून कदाचित कोणी सांगत नाही.

‘किती दिवसांत सवय लागते?’ या प्रश्नाचं ‘21’ हे उत्तर तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकात आहे. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातल्या नव्या चेहऱ्याशी जुळवून घ्यायला किमान साधारण 21 दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढे ‘किमान’ गळलं, नाक गळलं, आकडा तेवढा राहिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 लोकांना 12 आठवडे एकेक नवी गोष्ट रोज ठरल्या खुणेला करायला लावली. जेवणासोबत फळ खाणं, रात्रीच्या जेवणाआधी धावणं अशी. ती आपसूक व्हायला लागणाऱ्या दिवसांचा मधला आकडा निघाला 66. पण माणसामाणसातला फरक 18 दिवसांपासून अंदाजे 254 दिवसांपर्यंत पसरलेला होता. साधं पाणी पिणं लवकर जमलं, व्यायामाला वेळ लागला. यातला दिलासा देणारा भाग असा की, मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं. आपल्याकडे ‘एकदा खंड पडला की संपलं’ म्हणून कितीतरी लोक बाविसाव्या दिवशी उगाच हरतात.

आपल्याकडे महिनाभराचा एक प्रयोग अख्खं गाव दरवर्षी करतं. श्रावण. मटण बंद, अनेक घरांत दारू बंद, आणि गंमत म्हणजे फार कोणाला जड जात नाही. एरवी आठ दिवस न राहणारा माणूस महिना काढतो, कारण घरात शिजत नाही, मित्र आग्रह करत नाही, ‘श्रावण पाळतो’ एवढं म्हटलं की वाद संपतो. नकार देण्याची मेहनत कॅलेंडर करतं. आणि मग पोळा येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, महिनाभराचा उपास वसूल होतो. सुरुवातीची तारीख जशी सगळ्यांची एक होती तशीच शेवटचीही होती. श्रावण सवय थांबवून दाखवतो, मोडत नाही. ज्या जागांवर ती बसायची त्या जागा तशाच रिकाम्या ठेवतो, आणि मालक परत आला की झाडून देतो.

जागा खरोखरच बदलली तर काय होतं, याचा विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा दाखला व्हिएतनामच्या युद्धातला आहे. तिथल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइन बोकाळलं होतं. संशोधक ली रॉबिन्स यांनी 1971 मध्ये परतलेल्या सैनिकांचा माग काढला. साधारण पाचातला एक तिथे व्यसनी झालेला होता. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले सुमारे 5 टक्के. तज्ज्ञांना आधी हे खरं वाटेना. परतण्याआधी शरीरातलं विष उतरेपर्यंत त्यांना थांबवून घेतलं जायचं, हे आहेच. पण मग ते जिथे आले तिथे ना ते जंगल होतं, ना तो कंटाळा, ना ती भीती, ना दहा पावलांवर स्वस्त पुडी. दिवेच मागे राहिले होते. आपल्याकडची मुलं व्यसनमुक्ती केंद्रातून बरी होऊन येतात आणि त्याच कट्ट्यावर, त्याच मित्रांत, त्याच ठेल्यासमोर परत बसतात. सैनिकांचं झालं त्याच्या नेमकं उलट.

गावाला व्हिएतनामसारखं मागे टाकून जाता येत नाही. मग गावच थोडं बदलावं लागतं. विदर्भातल्या बायकांनी हे दारूच्या बाबतीत फार आधी ओळखलं. महाराष्ट्रात महिला मतदारांच्या मतदानाने गावातलं परवान्याचं दुकान बंद करता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. यवतमाळातही बायकांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले, जिल्हाबंदीची मागणी लावून धरली. शेजारच्या चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 पासून जिल्हाबंदी झाली आणि 2021 मध्ये उठली. तिच्या यशापयशाविषयी टोकाची मतं आहेत. मला त्यातून एवढंच दिसतं की दुकान लांब गेल्याने ज्याची नुसती सवय आहे त्याचा फायदा होतो. ज्याचं शरीर व्यसनात आहे तो नदी ओलांडतो. त्याला औषधोपचार लागतो, सोबत लागते. जुलै 2012 च्या गुटखाबंदीची गोष्टही अशीच: कंपनीची पुडी कायद्याने गेली, आणि ठेल्यावर हाताने घोटलेल्या खर्ऱ्याला बंदी असूनही बरकत आली. खूण, वेळ, गप्पा, सगळं जागेवर होतं, फक्त पन्नीतला माल बदलला. तेव्हा नुसता माल उचलून भागत नाही, त्या वेळेला हाताला दुसरं काही द्यावं लागतं. पीटर गोलविट्झर यांनी ‘असं झालं तर मी असं करीन’ या साच्यातले निश्चय तपासले, आणि ‘मी सोडणार’ या मोघम निश्चयापेक्षा ते कितीतरी जास्त टिकतात असं दिसलं. ‘जेवण झालं की डब्यातला भाजलेला जवस आणि ओवा’ हे ‘उद्यापासून बंद’पेक्षा जास्त कामाचं आहे. निकोटीनची ओढ जबर असेल तर राष्ट्रीय तंबाखू मदतवाहिनी 1800-11-2356 वर फोन करावा. त्यात कमीपणा नाही.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, शेती करतात. तोंड दोन बोटांवर आल्यावर घाबरले आणि खर्रा सोडला. सहा-सात वेळा सोडला, असं तेच हसून सांगतात. शेवटच्या वेळी त्यांनी ठेला टाळला नाही. गावात बसायला दुसरी जागा कुठे आहे? चहा तिथेच, पेपर तिथेच. फक्त बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायचं ठरवलं, रस्त्याकडे तोंड करून, आणि शर्टाच्या त्या खिशात फुटाणे. मागच्या पोळ्याच्या सुमारास आम्ही तिथे चहा पीत होतो. वर्ष होत आलं होतं. ते गाडीवरून उतरले, स्टँड लावला, आणि ठेलेवाल्याने मान वर न करता पन्नी पसरली, सुपारी टाकली, चुना लावला. घोटायला दोन हात मारल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो थांबला, पन्नीकडे बघितलं, मग यांच्याकडे.

“काय भाऊ,” तो म्हणाला, “तुम्ही सोडला, माझा हात अजून सुटला नाही.”